सुरत–नवापूर सायकल मार्ग: दोनशे किलोमीटरच्या वाटेवरचा आपला वारसा

सुरतहून धुळ्याकडे येणारा रस्ता खानदेशातल्या माणसाला नवा नाही. आखाजीला, दिवाळीला, लग्नसराईत उधना-लिंबायतहून गावाकडे निघालेल्या गाड्या याच रस्त्याने धावतात. पण गाडीत बसलं की बार्डोली येईपर्यंत डोळा लागतो आणि जाग येते ती एकदम नवापूरला. मधला पाऊणशे किलोमीटरचा मुलूख आपण वर्षानुवर्षे झोपेत ओलांडतो.

हाच रस्ता सायकलवरून मात्र जागेपणी कापावा लागतो. गेल्या काही वर्षांत सुरत, नाशिक, धुळे, जळगाव या भागांत लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आवड वाढली आहे. सुरतेत दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या राईड घेणारे क्लब आहेत. अशा राईडला निघणाऱ्यांसाठी आणि गाडीनेच जाणाऱ्या पण या वेळी जागं राहायचं ठरवलेल्यांसाठीही ही मार्गाची ओळख.

आधी नियम समजून घ्या

लांब पल्ल्याच्या या राईडला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ प्रमाणपत्र. लोक बोलताना तिला ‘रेस’ म्हणतात, पण यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण केलं की झालं. २०० किमीसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास. या चारही राईड एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँदोनर’ हा किताब मिळतो. हे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने घालून दिलेले आहेत आणि जगभर तेच चालतात.

वाटेत ‘कंट्रोल’ म्हणजे तपासणीची ठिकाणं असतात. तिथे कार्डावर शिक्का किंवा वेळेची नोंद घ्यायची आणि पुढे निघायचं. पुढे-मागे दिवा, चमकणारं जॅकेट आणि हेल्मेट यांवर आयोजक अडून बसतात, आणि ते बरोबरच आहे.

सायकल शर्यतींचं आणि वर्तमानपत्रांचं नातं जुनं आहे. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किमीची राईड १८९१ मध्ये एका फ्रेंच वर्तमानपत्राने सुरू केली. १९०३ ची पहिली टूर द फ्रान्सही वर्तमानपत्राचीच. आज टीव्हीवर टूर पाहणाऱ्यांत सायकलमधलं काही न कळणारे लाखो लोक असतात. ते वाटेतले किल्ले, द्राक्षमळे, जुनी चर्च बघायला बसतात. रस्ता दाखवता दाखवता देश दाखवायचा, ही त्यामागची युक्ती.

आपल्याकडे जिद्दीची कमी नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. कमी आहे ती आपला रस्ता दाखवण्याची.

अंतराचा हिशेब

सुरत ते बार्डोली साधारण ३३ किमी, तिथून व्यारा ३० ते ३२, व्याऱ्याहून सोनगड वीसेक आणि सोनगडहून नवापूर आणखी वीस-बावीस. म्हणजे एका बाजूने १०५ ते ११० किमी आणि जाऊन-येऊन २०० च्या थोडं वर. दोनशेच्या राईडला हे माप चपखल बसतं.

आता वेळ बघा. ताशी २० किमीचा वेग धरला तर २१५ किमीला पावणेअकरा तास लागतात. साडेतेरातून ते वजा केले की हातात उरतात पावणेतीन तास. चहा, जेवण, पंक्चर यांना सव्वा तास सोडा. तरी दीड तास शिल्लक. हा दीड तास कुठे खर्च करायचा, ते पुढे वाचा.

सुरत: तापीकाठची सुरुवात

सुरतचा किल्ला चौक बाजाराजवळ, तापीच्या काठावर आहे. समुद्रमार्गे येणाऱ्या पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आवर घालायला गुजरातच्या सुलतानाने तो १५४६ च्या सुमारास बांधून घेतला. छत्रपती शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली, तेव्हा मोगल सुभेदार इनायत खान याच किल्ल्यात दडून बसला होता. दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० ची. परतताना महाराज बागलाणातून आले आणि वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या मोगल फौजेशी मोठी लढाई झाली. सुरत आणि आपला डोंगरी मुलूख यांचं नातं कापड गिरण्यांच्या कितीतरी आधीचं आहे, ते असं.

आजचं नातं लूम आणि डाइंग मिलचं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत चहाच्या टपरीवर अहिराणी सहज कानावर पडते. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. पहाटे शहरातून बाहेर पडताना या वस्त्या पाहिल्या की पुढचा रस्ता जास्त नीट कळतो, कारण इथली कितीतरी घरं त्याच रस्त्याने आलेली आहेत.

थंडीत निघालात तर तापीकाठी ‘पोंक’ची दुकानं लागलेली असतात. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. तिकडे तो शेव आणि पोंकवड्यांबरोबर खातात, एवढाच फरक.

कडोदरा ते बार्डोली: उसाचा मुलूख

कडोदऱ्याला मुंबई–अहमदाबाद हायवे ओलांडला की गिरण्या मागे पडतात. इथून रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी. नोव्हेंबर ते एप्रिल उसाची तोड चालते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या दिसतात. बार्डोलीचा सहकारी साखर कारखाना देशातल्या मोठ्या कारखान्यांत मोजला जातो.

ऊस तोडणारे कोण? नंदुरबार, धुळे, डांग इथून आलेली कुटुंबं. नवरा-बायकोच्या जोडीला इकडेही ‘कोयता’च म्हणतात. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधाला त्यांची पालं दिसतील. पहाटे चुली पेटलेल्या असतात आणि पोरं थंडीत शेकत बसलेली असतात. हे दृश्य कुठल्या पर्यटनाच्या पुस्तकात नसतं, पण या मार्गाची खरी ओळख इथूनच सुरू होते.

बार्डोलीचं नाव देशाला माहीत झालं ते १९२८ मध्ये. मुंबई सरकारने तालुक्याचा शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. शेतकऱ्यांनी सारा भरायला नकार दिला. जप्त्या झाल्या, गुरं ओढून नेली, जमिनी विकल्या गेल्या. फेब्रुवारीत सुरू झालेला लढा ऑगस्टमध्ये मिटला. चौकशीनंतर वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. वल्लभभाई पटेलांना ‘सरदार’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. गावातला स्वराज आश्रम आणि तिथलं सरदारांचं संग्रहालय पाहण्यासारखं आहे. शिल्लक दीड तासातली पहिली वीस मिनिटं इथे.

बार्डोलीच्या ईशान्येला, कडोदजवळ तापीकाठी हरिपुरा हे गाव आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांची मिरवणूक ५१ बैल जुंपलेल्या रथातून निघाली होती. अधिवेशनाची सजावट म्हणून चित्रकार नंदलाल बोस यांनी गावच्या माणसांची चित्रं काढली: सुतार, शिंपी, धान्य कांडणारी बाई. ती ‘हरिपुरा पोस्टर’ म्हणून कलाजगतात प्रसिद्ध आहेत. गाव हमरस्त्यापासून आत आहे, दोनशेच्या राईडमध्ये बसणार नाही. सुट्टीच्या दिवशी वेगळं जा.

वालोड आणि व्यारा: देवीची चळवळ, पापडाचं गाव

बार्डोली सोडली की जमीन हळूहळू उठायला लागते. सायकलवाल्याला हे डोळ्यांआधी पायांना कळतं. रस्त्याच्या दक्षिणेला वालोड. ‘लिज्जत पापड’ मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी सुरू केला, हे आपल्याला पाठ आहे. महाराष्ट्राबाहेरची त्याची पहिली शाखा १९६८ मध्ये निघाली ती या वालोडला. जवळच वेडछी आहे. जुगतराम दवे यांनी तिथे आश्रम काढून आदिवासी मुलांच्या शिक्षणात उभा जन्म घातला.

या पट्ट्याचा एक इतिहास आपल्याकडच्या शाळेत शिकवला जात नाही. १९२२ मध्ये ‘देवी’ची चळवळ इथे आली. पालघरच्या किनाऱ्यावर सुरुवात, मग डोंगर चढून सुरगाणा, बागलाण, डांग आणि तिथून सोनगड, व्यारा, वालोड. सलाबाई नावाची देवी लोकांच्या अंगात यायची आणि सांगायची: दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराचं काम करू नका. हजारो आदिवासींनी ते पाळलं. ताडीवाले आणि सावकार हादरले. पुढे हेच लोक मोठ्या संख्येने गांधीजींच्या चळवळीकडे वळले. ना पुढारी, ना वर्तमानपत्र. एक गाव दुसऱ्या गावाला सांगत गेलं. तेव्हा ना महाराष्ट्र होता, ना गुजरात.

व्यारा हे तापी जिल्ह्याचं ठाणं. सुरत जिल्ह्यातून हा जिल्हा २ ऑक्टोबर २००७ रोजी वेगळा झाला. त्याआधी, संस्थानी काळात व्यारा आणि सोनगड बडोद्याच्या नवसारी प्रांतात होते. म्हणजे इथे राज्य सयाजीराव गायकवाडांचं. सयाजीराव मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये ते बडोद्याला दत्तक गेले आणि १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली ती सोनगडला.

पोटभर खायचं असेल तर व्याऱ्यातच थांबा. पुढे दुकानं विरळ होतात.

सोनगड: बडोद्याच्या आधीचं बडोदं

व्याऱ्यानंतर साग आणि बांबू सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुललेला असतो, मग मोहाचा वास. पावसाळ्यात सगळं हिरवंगार, पण रस्ता निसरडा आणि खड्डे पाण्याखाली. सायकलसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

डाव्या-उजव्या टेकड्या जवळ येतात आणि त्यांतल्या एका टेकडीवर तटबंदी दिसते. हा सोनगडचा किल्ला. मराठी वाचकाने या मार्गावर एकच ठिकाण बघायचं ठरवलं तर ते हे.

पुणे जिल्ह्यातल्या दावडीच्या गायकवाड घराण्यातले पिलाजीराव हे सेनापती दाभाड्यांचे सरदार. १७१९ च्या सुमारास त्यांनी ही टेकडी ताब्यात घेतली. जागा अशी निवडली की खानदेशातून गुजरातच्या सपाटीवर उतरणारी वाट डोळ्यांखाली राहावी. इथूनच सुरत आणि आसपासच्या परगण्यांवर चौथाई बसली. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा दग्याने खून झाला. त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी राज्य वाढवलं. १७३४ मध्ये बडोदं कायमचं हाती आलं, तरी गायकवाडांची गादी १७६६ पर्यंत सोनगडलाच होती. लक्ष्मी विलास राजवाड्यासमोर फोटो काढणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की त्या वैभवाचा पाया या जंगलातल्या टेकडीवर घातला गेला?

वर चढून गेलं की तटाचे अवशेष आणि देवीचं स्थान आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला सपाटी आणि उत्तरेला उकाईचं पाणी. राईडमध्ये असाल तर पायथ्यापर्यंत जाऊन या, चाळीस मिनिटं पुरतात. नसाल तर सकाळी माथा गाठा.

उकाई: पाण्याखालची गावं

सोनगडपासून जवळच तापीवर उकाई धरण आहे. १९७२ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे. जलाशयाला वल्लभसागर म्हणतात आणि त्याचं पाणी नंदुरबार जिल्ह्याच्या हद्दीत येऊन टेकतं. दोन्ही राज्यांतली मिळून शंभरावर गावं त्यात बुडाली. बहुतेक आदिवासींची.

आता मागे बार्डोलीला पाहिलेला ऊस आठवा. तो ऊस उभा आहे काकरापार आणि उकाईच्या कालव्यांच्या पाण्यावर. कालवे येण्याआधी तिकडे कापूस आणि ज्वारी जास्त होती. पाणी आलं, ऊस आला, उसाला कोयते लागले. कोयते कुठून आले? ज्या डोंगरपट्ट्यातली जमीन पाण्याखाली गेली किंवा जिथे पाणी पोचलंच नाही, तिथून. बुडालेल्या गावांतली काही कुटुंबंही खाली सपाटीवर ऊस तोडायला जातात. सकाळच्या पालांचा आणि दुपारच्या या निळ्या पाण्याचा संबंध असा आहे. मोटारीतून ही दोन वेगळी दृश्यं वाटतात. सायकलवर मधले पन्नासेक किलोमीटर स्वतःच्या पायांनी कापलेले असतात, म्हणून ती एका हिशेबात बसतात.

उच्छल ते नवापूर: एक बोली, दोन राज्यं

सोनगडपुढे चढउतार वाढतात. उच्छल तालुका ओलांडला की महाराष्ट्राची पाटी. चेकपोस्ट, ट्रकांची रांग, ढाबे. पाटीचं लेखन गुजरातीतून मराठीत बदलतं. माणसं मात्र तीच. इकडे मावची, तिकडे गामित: दोन्ही बोली इतक्या जवळच्या की बाजारात भाव करताना कुणाचं काही अडत नाही. कोकणी समाज दोन्हीकडे. सोयरीक दोन्हीकडे.

मुक्काम नवापूरचं रेल्वे स्टेशन. सुरत–भुसावळ मार्ग, म्हणजे जुनी तापी व्हॅली रेल्वे, १९०० च्या सुमारास सुरू झाला. तेव्हा हे सगळं मुंबई इलाख्याच्या छायेत. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि सीमारेषा थेट स्टेशनातून गेली. फलाटाची लांबी सुमारे ८०० मीटर: ३०० मीटर महाराष्ट्रात, ५०० गुजरातेत. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस दुसऱ्या. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध रेघ आखलेली आहे. घोषणा चार भाषांत होतात: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. बाकावर बसून वीस मिनिटं पाय सोडा. बार्डोली, सोनगड आणि हे, मिळून ऐंशी मिनिटं झाली. दीड तासातली दहा अजून शिल्लकच आहेत.

तीनशेची राईड करायची असेल तर विसरवाडीमार्गे नंदुरबार गाठून परतता येतं. तिथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी शिरीषकुमार मेहता तिरंगा हातात घेऊन गोळीला सामोरा गेला. त्याची मातृभाषा गुजराती. बार्डोलीहून निघून नंदुरबारच्या हुतात्मा चौकात पोचलं की सीमेच्या दोन्ही बाजूंचा हिशेब जुळतो. ज्यांना घाटच हवा, त्यांना धुळ्याकडे कोंडाईबारी आहे किंवा सोनगडहून आहवामार्गे सापुतारा.

काळजी घ्या

हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, हजिऱ्यापासून थेट ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा. म्हणजे जड वाहनांचा रस्ता. महाराष्ट्र हद्दीतलं चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळत आलं आहे, तेव्हा नवापूरच्या पुढे जाणाऱ्यांनी साईडपट्टीचा भरवसा धरू नये. हंगामात उसाच्या कितीतरी ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, म्हणून अंधारात वेग कमी ठेवा. जाताना पूर्वेला तोंड, सकाळचं ऊन डोळ्यांत. परतताना पश्चिमेला तोंड, संध्याकाळचंही डोळ्यांत. चष्मा विसरू नका, आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला नाही तरी मागून येणाऱ्याला तुम्ही उन्हात दिसत नसता, हे लक्षात ठेवा. जादा ट्यूब दोन घ्या. व्यारा ते नवापूर चांगलं सायकल दुकान मिळेलच असं नाही.

आयोजकांना एक सूचना

कंट्रोल बहुतेक वेळा पेट्रोल पंप किंवा हायवेवरच्या हॉटेलात असतो. सोय म्हणून ते ठीक. पण एक कंट्रोल बार्डोलीच्या स्वराज आश्रमाजवळ, एक सोनगड किल्ल्याच्या पायथ्याशी आणि एक नवापूर स्टेशनबाहेर ठेवला तर अंतर फारसं वाढत नाही आणि खर्च काहीच वाढत नाही. शंभर सायकलस्वार आले तर किल्ल्याखाली चहा-नागलीची भाकरी विकणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा धंदा होतो. कार्डावर शिक्क्याशेजारी दोन ओळी छापल्या, की इथे काय घडलं, तर उधन्यात वाढलेल्या पोराला कळेल की त्याचे आजोबा ज्या वाटेने सुरतेला आले, ती वाट साधी नाही.

जुन्या वास्तू पडतात त्या पावसाने कमी आणि कुणी न थांबल्याने जास्त. सोनगडला थांबणारे वाढले तर पाटी लागेल, पायऱ्या दुरुस्त होतील, कुणीतरी विचारणारं असेल. त्यासाठी तिकडे जायला हवं. हिवाळा सुरू झाला की पहाटे पाचला सुरतेतून निघा. दीड तास तुमच्या खात्यात जमा आहे.